क्लॉक स्पीड पडतोय? नवा कूलर आणण्याआधी या चुका टाळा

मागच्या एप्रिलात धायरीचा एक पोरगा पीसीचा डबा स्कूटरवर पायांत धरून माझ्याकडे आला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तक्रार एकच, "दादा, रेंडर लावलं की पहिलं अर्धं मिनिट पळतं, मग बैलगाडी." बुधवार पेठेतून टॉवर कूलर आणून झाला होता, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट दोनदा बदलून झाली होती, बाजूचा पत्रा काढून टेबल फॅनसुद्धा लावून झाला होता. बैलगाडी ती बैलगाडीच.

तापमान-वॉट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं आणि प्रोसेसरला पूर्ण राबवणारी सिनेबेंच टेस्ट लावली. प्रोसेसर आय७-१२७००. सुरुवातीला क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास आणि पॉवर दीडशे वॉटच्या वर. तीसेक सेकंदांनी आकडा धपकन खाली आला. पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खा प्रोसेसर खातोय ते वॉट, ६४.९, ६५.०, ६५.०. तिथंच चिकटली. क्लॉक तीनच्या आसपास, आणि तापमान फक्त ५८.

पहिली चूक: नुसतं तापमान बघणं

प्रोसेसर गार आणि वॉटचा आकडा एका जागी चिकटलेला, असं दिसलं की पेस्टची ट्यूब खाली ठेवा. ही गरमी नाही, ही पॉवर लिमिट आहे. इंटेलमध्ये तीन गोष्टी असतात. पीएल१ म्हणजे सतत किती वॉट खायचे, पीएल२ म्हणजे थोड्या वेळापुरते किती, आणि टाऊ म्हणजे तो थोडा वेळ साधारण किती. १२७०० साठी इंटेलचे आकडे ६५ वॉट आणि १८० वॉट असे आहेत, आणि टाऊ २८ सेकंद. त्या पोराचं अर्धं मिनिट नेमकं इथून आलेलं. बोर्ड नियमानं वागत होता, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये परफॉर्मन्स लिमिट रीझन्स नावाचा एक भाग असतो, खाली स्क्रोल करावं लागतं म्हणून कुणी बघत नाही. पीएल१, थर्मल (गरमी), प्रोचॉट (प्रोसेसरला 'हळू हो' सांगणारा सिग्नल), यांतल्या कुणासमोर 'येस' आलंय ते बघा. निदान तिथंच होतं.

खोक्यावरचा वॉट म्हणजे कमाल वॉट नव्हे

"६५ वॉटचा प्रोसेसर आहे, कुठलाही कूलर चालेल," हे वाक्य मी दुकानांत इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. आय९-१३९००के वर १२५ वॉट लिहिलेले असतात, पण त्याची टर्बोची, म्हणजे जादा वेगाची, मर्यादा २५३ वॉट आहे. एएमडीचा ६५ वॉटवाला रायझन एएम४ सॉकेटवर ८८ वॉटपर्यंत जातो, १०५ वॉटवाला १४२ पर्यंत. तसंच १२७०० चा ४.९ गिगाहर्ट्झ हा आकडा एखाद-दुसऱ्या कोअरचा असतो. सगळे कोअर राबत असताना तो दिसला नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

लिमिट सरसकट उडवणं

आता ही मात्र माझी स्वतःची चूक. ६५ चं कारण कळल्यावर मी हुशारीनं बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पीएल१ थेट १८० केला. बोर्ड एच६१० चा, स्वस्तातला, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंकचा (गरमी शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा) पत्ताच नाही. दोन-तीन मिनिटं झकास चाललं, मग क्लॉक करवतीच्या दात्यांसारखा वरखाली व्हायला लागला. प्रोसेसर ७५ वरच होता. सॉकेटच्या डाव्या बाजूला हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखा. व्हीआरएमच तापून ब्रेक मारत होता. शेवटी पाच-पाच वॉटनं खाली येत १०५ वर थांबलो. क्लॉक पावणेचारच्या आसपास, आणि अर्धा तास हलला नाही. मला विचाराल तर रेंडरला असा सपाट आकडाच हवा.

काही बोर्ड पहिल्यांदा चालू करताना कूलर कुठला ते विचारतात: बॉक्समधला, टॉवर की पाण्याचा. ती नुसती चौकशी नसते, उत्तरावरून पॉवर लिमिट ठरते. 'पाण्याचा' निवडलं की काही ठिकाणी ४०९६ वॉट दिसतात, म्हणजे मर्यादाच नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचा, नावाच्या शेवटी के असलेला इंटेल प्रोसेसर असेल तर हे मुळीच करू नका. जास्त व्होल्टेजमुळे ते खराब होत होते, आणि २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलावा लागला. आधी बायोस अपडेट करा, मग इंटेलची डिफॉल्ट सेटिंग लावा.

गरमी खरीच असेल तर

तापमान १०० ला टेकलं आणि मग क्लॉक पडला, तर गोष्ट वेगळी. इंटेलच्या कूलरच्या चार पिनांपैकी एक तरी नीट बसलेली नसते, बघा. तळाची प्लास्टिकची पट्टी न काढता बसवलेला कूलरही मी पाहिलाय. जिथं मेट्रोचं किंवा बांधकामाचं काम चालू असेल तिथं दोन महिन्यांत फिल्टरवर राखाडी गोधडी साचते. आणि डिसेंबरातल्या टेस्टची मेमधल्या टेस्टशी तुलना करू नका. खोली बारा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. रायझन ७००० वाल्यांनी ९५ बघून घाबरू नये, तो तिथपर्यंत जायलाच बनवलाय.

क्लॉक एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकला तर

हे पीएल१ चं काम नाही. बहुधा प्रोचॉटचा सिग्नल लागलेला असतो, आणि तो बोर्डाकडूनही येऊ शकतो: व्हीआरएम तापला, किंवा छोट्या ब्रँडेड पीसीला त्याचा अॅडाप्टर ओळखता आला नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) कर्नल-प्रोसेसर-पॉवरची ३७ नंबरची नोंद सापडली तर बोर्डाचं फर्मवेअरच (बायोसच) वेग दाबतंय.

उलट, क्लॉक बेस स्पीडच्या (टर्बोशिवायच्या मूळ वेगाच्या) वर जातच नसेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट बघा. तिथं ९९ टक्के असेल तर टर्बो बंद. लॅपटॉप गार ठेवायची युक्ती कुणीतरी डेस्कटॉपवर करून ठेवलेली असते.

त्या पोराचा मेअखेर परत फोन आला. वळवाच्या पावसात रात्रभर लाइट गेली होती आणि "दादा, परत बैलगाडी." गेलो, बघितलं, पीएल१ पुन्हा ६५. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेला होता, त्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेलं. सेल बदलला, आणि या खेपेला १०५ हा आकडा मार्करनं पत्र्याच्या आतल्या बाजूला लिहून आलो.