दोषारोपपत्र हातात पडल्यावर ते वाचायचं कसं

दोषारोपपत्र आलं म्हणजे कोर्टाने आरोप ठेवला, असं नव्हे. दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, पोलिसांची असते. आरोप निश्चित करतात न्यायाधीश, आणि तो पुढचा टप्पा.

प्रत फुकट मिळते. आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून 14 दिवसांत ती द्यावी, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 230 सांगतं. पानं मोजा, पुसट झेरॉक्स बदलून मागा.

खरं डोकं खातात ते जबाब. गठ्ठा जसा शिवलाय तसा पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. वकिलीच्या सुरुवातीला मीही तसंच वाचायचो. एका प्रकरणात फिर्यादीत तिघांचीच नावं होती आणि माझा अशील चौथा. त्याचं नाव आलं कुठून, तर नऊ दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबातून. ते पान मूळ जबाबाच्या आधी शिवलेलं, त्यामुळे तारखेकडे माझं लक्षच गेलं नाही. न्यायाधीश साहेबांनी विचारलं तेव्हा मी नुसता पानं चाळत उभा! तेव्हापासून कोऱ्या कागदावर सगळं तारीखवार उतरवतो: फिर्याद, पंचनामे, अटक, जबाब, पुरवणी जबाब. शेजारी एकच रकाना: माझ्या माणसाने नेमकं काय केलं? "सर्वांनी संगनमत करून" एवढंच लिहिलं असेल, तर रकाना रिकामा ठेवा. दोषमुक्तीच्या अर्जाचे, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडा असं मागणाऱ्या अर्जाचे, मुद्दे तिथेच सापडतात.

"जबाबावर साक्षीदाराची सही नाही, म्हणजे बोगस" असं सांगणारा कोर्टाच्या आवारात हमखास भेटतो. त्याला चहा पाजा, पण ऐकू नका. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायदाच तसा आहे. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला, तर उलटतपासात हाच जबाब त्याच्यापुढे धरता येतो.

दोषमुक्तीच्या अर्जाला आता मुदत आहे. मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांचा खटला) प्रती मिळाल्यापासून 60 दिवस, सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून 60. आपल्याकडचे पुरावे जोडून इथे सहसा उपयोग होत नाही; या टप्प्यावर कोर्ट पोलिसांचेच कागद बघतं.

अर्ज फेटाळला, तर आरोप वाचून दाखवतात. तारीख, ठिकाण, कृत्य, कलम नीट ऐका. कळलं नाही तर पुन्हा समजावून मागा. घाबरून मान डोलवत "हो साहेब" म्हणू नका, ती कबुली म्हणून नोंदली जाऊ शकते.