जीवाश्मांत स्पर्धा शोधताना या चुका टाळा

जीवाश्मांच्या आलेखात एक गट उतरताना आणि दुसरा चढताना दिसला की ‘नव्याने जुन्याला हुसकावलं’ असं आपण लगेच म्हणून टाकतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

ब्रॅकिओपॉड हे कवचधारी समुद्री प्राणी आणि शिंपले घ्या. दोघांनाही कवचाच्या दोन झडपा, दोघेही बहुतांशी पाणी गाळून खाणारे. (ओळखण्यातच गल्लत नको. शिंपल्याच्या दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब असतात. ब्रॅकिओपॉडच्या झडपा एकमेकींहून वेगळ्या, पण प्रत्येक झडपेची डावी-उजवी बाजू सारखी.) शिंपल्यांनी ब्रॅकिओपॉडांना हळूहळू मागे रेटलं, असं पुष्कळ वर्षं मानलं जायचं. १९८० मध्ये गूल्ड आणि कॅलोवे या अभ्यासकांनी दोघांचे प्रकार काळानुसार मोजले, तेव्हा एक वाढताना दुसरा घटतोय असं दिसलंच नाही. खरा घाव बसला तो सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरच्या महाविनाशात. त्यात ब्रॅकिओपॉड फार होरपळले, शिंपले त्या मानाने सावरले. म्हणून आलेख सलग वाचू नका. महाविनाशाच्या रेषेवर तोडा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासा.

सस्तन प्राण्यांनी डायनोसॉरांना हरवलं, हेही तसंच. कोट्यवधी वर्षं दोघे सोबत राहिले. जागा रिकामी झाली ती ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आपत्तीनंतर.

शेवटचा जीवाश्म म्हणजे शेवटचा जीव, असंही धरू नका. डायनोसॉरांबरोबर संपला असं मानलेला सीलाकँथ मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला.

पण मग स्पर्धेचा पुरावा मिळतच नाही, असं म्हणणं ही उलटी चूक झाली. ब्रायोझोआ पाहा. शिंपल्यावर चुन्याची जाळी पसरवणाऱ्या चिमुकल्या जीवांच्या या वसाहती जागेसाठी भिडतात आणि एकीची कड दुसरीवर चढलेली दगडात तशीच टिकते. भिंगाखाली ती कड पाहिली की मला दर वेळी थरारून येतं. इथेही एक खबरदारी घ्या: खालची वसाहत आधीच मेलेली असेल, तर ती झटापट नव्हे, नुसतं रिकाम्या जागेवर पसरणं. दोन्ही जिवंत असताना भिडल्याच्या खुणा असतील, तेवढ्याच मोजा. अशा मोजणीत ब्रायोझोआंतला चिलोस्टोम गट त्यांच्यातल्याच सायक्लोस्टोम गटावर बहुतेकदा वरचढ ठरतो. तरीही सायक्लोस्टोम संपलेले नाहीत. आजच्या समुद्रातही ते आहेत.