माचू पिक्चूचा ‘दुसरा’ डोंगर चढायचाय? या चुका टाळा

पेरूतल्या माचू पिक्चूचा, इंकांच्या त्या जुन्या शहराचा, ठरलेला फोटो डोळ्यांसमोर आणा. पुढे दगडी शहर, त्यामागे सरळ उभा सुळका. तो सुळका म्हणजे वायना पिक्चू. त्याची तिकिटं सगळ्यात आधी संपतात. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी मात्र याहून कितीतरी उंच डोंगर उभा असतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी मान वळवून बघत नाही. गंमत म्हणजे माचू पिक्चू हे नाव मुळात या डोंगराचं. शहराला ते नंतर चिकटलं. पेरूमध्ये त्याला ‘मोंतान्या माचू पिक्चू’ म्हणतात, म्हणून इथे आपणही मोंतान्याच म्हणू.

उंची ३,०६१ मीटर. खालचं शहर २,४३० मीटरवर, म्हणजे चढाई सव्वासहाशे मीटरच्या आसपास. बारीतून कळसूबाई चढणारा माणूस एका दमात याहून जास्त चढतो. त्यामुळे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे आकडे किरकोळ वाटतात. ट्रेक म्हणून तो फार अवघड नाहीही. लोकांचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा घरी बसून बुकिंग करताना.

तिकीट चुकलं की सगळं चुकलं

जून २०२४पासून माचू पिक्चूत तीन सर्किट, म्हणजे फिरायच्या ठरलेल्या वाटा, आहेत आणि त्यांचे मिळून दहा मार्ग. मोंतान्याचं तिकीट म्हणजे मार्ग १-ए. या तिकिटावर तुम्ही वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर जाता, तो प्रसिद्ध देखावा बघता, डोंगर चढता, उतरता आणि बाहेर पडता. खालच्या शहरात, म्हणजे देवळं, चौक, घरं, दगडी कारंजी असलेल्या भागात या तिकिटावर पाय ठेवता येत नाही.

हे न वाचता तिकीट काढणारे पुष्कळ. डोंगरावरून खाली येतात, शहराकडे वळतात आणि रक्षक हात आडवा धरतो. ‘पण आम्ही भारतातून आलोय’ या वाक्याचा तिथे उपयोग होत नाही, कारण रांगेतला प्रत्येक जण कुठून ना कुठून लांबूनच आलेला असतो.

उपाय सोपा आहे, पण आधीच करायला हवा. शहर बघायचं असेल तर सर्किट २चं तिकीट वेगळं काढा, शक्यतो आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाचं. दोन तिकिटांचे पैसे जातात हे खरं. एकाचंच बजेट असेल तर माझं स्पष्ट मत: पहिल्यांदाच जाणाऱ्याने डोंगर सोडावा आणि सर्किट २ घ्यावं. इतक्या लांब जाऊन इंकांचं शहर फक्त वरून बघण्यात अर्थ नाही.

वायना पिक्चूच्या तिकिटाची (मार्ग ३-ए) गोष्ट उलटी. त्यात शहराचा खालचा भाग दिसतो, पण वरून दिसणारा तो ठरलेला फोटो मिळत नाही. ‘वायना नाही मिळालं, म्हणून मोंतान्या घेतलं’ असं म्हणताना तुम्ही डोंगराबरोबर अख्खी भेटच बदलत असता. कसही वेगळा लागतो. वायना पिक्चूची चढण अडीचशे मीटरच्या आसपास, पण खडी आणि अरुंद. मोंतान्याची वाट त्या मानाने रुंद आणि बरीच लांब.

नावाचाही घोळ होतो. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि दारात मूळ पासपोर्ट बघतात. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर जुनाही सोबत ठेवा. नाव आणि आडनावाचे रकाने पासपोर्टवर जसे आहेत तसेच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं, तसं इथे चालत नाही. तिकीट पेरूच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. मे ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर काही महिने आधीच बघा. नाहीच मिळालं तर पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस गावात दुसऱ्या दिवसाची काही तिकिटं खिडकीवर विकतात. पण तिथे हवा तोच मार्ग मिळेल या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका.

डिसेंबरची सुट्टी

अमेरिकेतली मराठी मंडळी नाताळच्या सुट्टीत पेरूला निघतात, कारण रजा तेव्हाच जुळते. तिथे मात्र डिसेंबर ते मार्च पावसाळा. पावसात ट्रेक करायची आपल्याला सवय आहे आणि ओल्या दगडांची भीतीही नाही, पण तिथला तोटा वेगळा आहे. माथ्यावर पोचल्यावर पांढऱ्या ढगाशिवाय काहीच दिसत नाही. शिवाय दरडींमुळे रेल्वे बंद पडू शकते. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी यात बरोबर बसते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात सकाळची वेळ घ्यावी असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मला तो सरसकट पटत नाही. हा भाग अॅमेझॉनच्या ओल्या जंगलाच्या काठावर आहे. पहाटे दरीतून धुकं वर चढतं आणि बऱ्याचदा नऊ-दहापर्यंत रेंगाळतं. पहिल्या तुकडीत वर पोचलेले लोक काहीही न बघता उतरताना दिसतात आणि अर्ध्या तासाने धुकं फाटतं. कोरड्या दिवसांत पहिली वेळ चांगली, ऊन टळतं. इतर महिन्यांत एखादा तास उशिराची घ्या. वर पोचल्यावर ढग असेल तर लगेच पाठ फिरवू नका. धुकं फिरतं असतं. थोडं थांबल्यावर खाली उरुबांबा नदीचं वळण आणि दक्षिणेला साल्कान्तायचं बर्फ (६,२७१ मीटर) उघडं पडू शकतं.

कुस्कोत उतरल्या उतरल्या फिरायला निघणं

राजधानी लिमा समुद्रकाठी, माचू पिक्चूसाठी जिथे उतरायचं ते कुस्को शहर ३,४०० मीटरवर आणि मधलं विमान जेमतेम दीड तासाचं. कुस्कोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो. डोकं दुखतं, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. तरुण आणि धडधाकट माणसाला उंचीचा हा त्रास होत नाही हा गैरसमज. विरळ हवा तुमची धावण्याची वेळ विचारत नाही.

माचू पिक्चू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. त्यामुळे शहाणा क्रम असा: कुस्कोला उतरा, त्याच दिवशी गाडी करून खाली उरुबांबा किंवा ओयांताय्तांबो या गावी जा (दोन्ही २,८०० मीटरच्या आसपास), तिथे दोन रात्री काढा, मग डोंगर चढा आणि कुस्को शेवटी बघा. उंचीच्या त्रासावरची अॅसिटॅझोलामाइडसारखी गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. सल्फाची अॅलर्जी असेल तर नक्कीच. पहिले दोन दिवस दारू नको, पोटभर जेवण नको, पाणी भरपूर.

बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर ‘थोडा आराम केला की बरं वाटेल’ म्हणत बसायचं नाही. लगेच कमी उंचीवर उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, प्यायला हरकत नाही. त्याची पाकिटं आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. अमेरिकेत आणि भारतात ती नेणं बेकायदा आहे.

एका दिवसात सगळं उरकणं

कुस्को ते ओयांताय्तांबो गाडीने दोन तास, पुढे आग्वास कालियेंतेसपर्यंत रेल्वेने पावणेदोन, मग वर प्रवेशद्वारापर्यंत बसने अर्धा तास. हे सगळं करून त्याच दिवशी मोंतान्या चढून परत, असा बेत करू नका. आदली रात्र आग्वास कालियेंतेसमध्येच काढा.

चढाईच्या दिवसाचा हिशोब असा मांडा. सातचा प्रवेश असेल तर बसच्या रांगेत साडेपाचच्या आत. चढायला दीड ते दोन तास, वर अर्धा तास, उतरायला एक ते दीड. मग बसची रांग. परतीची रेल्वे दुपारी अडीचच्या आधीची घेऊ नका. डोंगराच्या पायथ्याशी चौकी आहे. तिथे नाव आणि वेळ नोंदवायची, उतरल्यावर पुन्हा नोंदवायची. ठरलेल्या वेळेनंतर रक्षक वर सोडत नाहीत आणि वर असलेल्यांना खाली पाठवतात. तिकिटावर डोंगराची वेळ वेगळी छापलेली असेल तर तीच पाळा.

सॅक, काठी, खाऊ

मोठी सॅक आत नेता येत नाही. साधारण ४० × ३५ × २० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. मोठं सामान कुस्को किंवा ओयांताय्तांबोच्या हॉटेलातच ठेवा, रेल्वेतही ते नको असतं. छत्री, ड्रोन, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक सगळ्याला बंदी. काठी फक्त ज्येष्ठांना आणि गरजूंना, तीही टोकाला रबर लावलेली. खाणं आत न्यायला मनाई आहे. तेव्हा चिवडा-चकलीचे डबे राहू द्या आणि नाश्ता गावात पोटभर करा. पाणी मात्र पुन्हा वापरायच्या बाटलीत माणशी दीड-दोन लिटर हवंच, वाटेवर कुठे मिळत नाही. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराच्या बाहेरच आहे आणि बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत. जायच्या आधी जाऊन घ्या, लाजू नका.

विषुववृत्त जवळ आणि उंची जास्त, म्हणून ढगाळ दिवशीही कातडी भाजते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. गावात बारीक माश्या चावतात, त्यासाठीही तो कामी येतो.

चढणीवर काय होतं

वाट जवळजवळ सगळीच दगडी पायऱ्यांची. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. एक चार बोटांची, पुढची गुडघ्याएवढी. म्हणून लय बसत नाही आणि माणूस लवकर थकतो. दम लागेपर्यंत चढून मग थांबण्यापेक्षा बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. माथ्याजवळ काही ठिकाणी एका बाजूला सरळ दरी आहे आणि कठडा नाही. उंचीची भीती वाटणाऱ्याने डोंगराच्या बाजूने चालावं, आणि समोरून कुणी आलं तर स्वतः आतल्या बाजूला उभं राहून त्याला पुढे जाऊ द्यावं. उतरताना गुडघे बोलायला लागले की तिरके उतरा. मधूनच परतावंसं वाटलं तर परता. साधारण अर्ध्या वाटेवरूनही शहर पूर्ण दिसतं.

जुनी माहिती वाचून पुतुकुसीला जाणं

आग्वास कालियेंतेससमोरचा पुतुकुसी हा गोल घुमटी डोंगर. जुन्या प्रवासवर्णनांत त्याची फार स्तुती सापडते: तिकीट नाही, गर्दी नाही, समोर माचू पिक्चू. वाट मात्र उभ्या कड्यावरच्या लाकडी शिड्यांवरून जायची. त्या शिड्या मोडल्या आणि वाट बंद झाली. ‘चढून येतो हो कुणी कुणी’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. ओला कडा आणि कुजकं लाकूड, वर मदतीला कुणी नाही.

तिकीट न घेता डोंगर चढायचाच असेल तर ओयांताय्तांबोचा पिंकुयुना बघा. गावातल्या जुन्या दगडी गल्लीतून थेट पायऱ्या सुरू होतात आणि पाऊण तासात तुम्ही इंकांच्या धान्यकोठारांपाशी पोचता. ती इतक्या उंचावर बांधली कारण तिथे वारा असतो आणि धान्य टिकतं. समोर ओयांताय्तांबोचे प्रसिद्ध अवशेष अख्खे दिसतात, आणि ऊन कलतं तेव्हा सर्वांत छान. मात्र वाट अरुंद, काही ठिकाणी घसरडी आहे. वर दिवे नाहीत, पाणी नाही. अंधार पडायच्या आत खाली या.