नव्या लॅपटॉपचं ॲव्हरेज काढा, मग बॅटरीला दोष द्या

जुलैची 20 तारीख होती. ढेबेवाडीतल्या एका हार्डवेअर दुकानाच्या मागच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांशेजारी टेबल टाकून मी जीएसटीचं रिटर्न भरत होते. बाहेर धो धो पाऊस, लाईट सकाळपासून गेलेली. लॅपटॉप घेऊन तीनच आठवडे झाले होते. दहाला कामाला बसले आणि एक वाजायच्या आत तो 7 टक्क्यांवर आला. 3बी, म्हणजे तेच रिटर्न, भरून झालेलं, मोबाईलवर ओटीपी आलेला, आणि तो टाकायच्या आत स्क्रीन काळी. मालकांचा मुलगा छत्री घेऊन शेजारच्या मेडिकलमध्ये पळाला. त्यांनी त्यांच्या इन्व्हर्टरवर चार्जर लावू दिला म्हणून रिटर्न वेळेत गेलं. नाहीतर दिवसाला 50 रुपये लेट फी त्या माणसाच्या माथी, आणि कारण काय, तर माझा लॅपटॉप.

खोक्यावर 12 तास लिहिलं होतं, मिळत होते तीन. आज तोच लॅपटॉप त्याच बॅटरीवर आठ तास चालतो. एक रुपयाही खर्च झाला नाही, पण दोन आठवडे रोज संध्याकाळी वही घेऊन बसावं लागलं. कऱ्हाडहून पाटण, मल्हारपेठ, चाफळ अशी गावं करत हिशेबाचं काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्याकडे विंडोज 11 आहे, त्यामुळे सेटिंगची नावं त्यातली.

नवी गाडी घेतली की आपण काय करतो? टाकी फुल्ल करतो, ट्रिप मीटर शून्यावर आणतो आणि पुढच्या वेळी पेट्रोल भरताना ॲव्हरेज काढतो. लॅपटॉपचंही तसंच करायचं. त्याची टाकी वॉट-अवरमध्ये मोजतात. माझ्या लॅपटॉपची टाकी 50 वॉट-अवरची. म्हणजे तासाला 5 वॉट-अवर खाल्ले, म्हणजेच 5 वॉटने खाल्लं, तर दहा तास, 10 वॉटने खाल्लं तर पाच तास. आता 50 ला 12 ने भागा, साधारण 4 वॉट येतात. तेवढ्यात लॅपटॉप चालतो, नाही असं नाही. उजेड मंद ठेवून, वायफाय बंद करून, आतच साठवलेला व्हिडिओ लावला तर चालतो. खोक्यावरच्या आकड्याशेजारी बारीक चांदणी असते, तिची ओळ वाचलीत तर बहुधा असलंच काही सापडेल. आपल्या कामाला तो आकडा लावू नका. पण 12 चे आठ होणं वेगळं आणि 12 चे तीन होणं वेगळं. तीन म्हणजे कुठेतरी गळती आहेच.

पहिलं काम म्हणजे टाकी खरंच तेवढी आहे का ते बघणं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहा, सगळी अक्षरं सलग: पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी. मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, जी प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबलंत की एक फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली तो पत्ता खालीच दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडा.

त्यात वरच्या बाजूला दोन आकडे आहेत: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला कंपनीने ठरवलेला, दुसरा आज प्रत्यक्षात मावतो तो. आकडे मिली-वॉट-अवरमध्ये असतात, हजाराने भागायचं. माझे होते 50,000 आणि 49,800. म्हणजे बॅटरी ठणठणीत. तीन आठवडे बॅटरीला शिव्या देत होते आणि तिची काहीच चूक नव्हती.

त्याच कागदावर खाली रीसेंट यूसेज नावाचा तक्ता आहे. लॅपटॉप कधी चालू होता, कधी झोपला होता, चार्जर होता की नव्हता आणि त्या त्या वेळी किती शिल्लक होतं, सगळं वेळेसकट. तो तक्ता मी बोट ठेवून ओळीने वाचला आणि लक्षात आलं की 39,800 च्या वर आकडा एकदाही गेलेला नाही. रात्रभर चार्जरला लावला तरीही नाही. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्यासाठीची एक सोय असते, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवणारी. माझ्या लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू होती. सोय चांगली आहे. लिथियम-आयन बॅटरी सतत 100 टक्क्यांवर भरून ठेवली, त्यात गरम राहिली, की लवकर म्हातारी होते. म्हणून घरी टेबलावर काम असतं तेव्हा मी ती चालूच ठेवते. गावाला जायच्या आदल्या रात्री बंद करते आणि पूर्ण भरून घेते. हे कळलं नसतं तर टाकीचा पाचवा भाग कायम रिकामाच राहिला असता.

दुकानदार हमखास सांगतात, "ताई, पहिलं चार्जिंग सलग आठ तास करा." ते निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातलं आहे. आताच्या बॅटरीला त्याची गरज नाही. रोज शून्यापर्यंत उतरवून मग भरायचीही गरज नाही.

आता ॲव्हरेज. चार्जर काढा, रोजचं काम रोजच्यासारखं बरोबर एक तास करा, आधीचे आणि नंतरचे टक्के वहीत लिहा. माझे 80 चे 55 झाले. 25 टक्के गेले, 50 चे 25 टक्के म्हणजे एका तासात साडेबारा वॉट-अवर, म्हणजेच साडेबारा वॉट. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दोन एक्सेल फाईल आणि जीएसटीचं पोर्टल एवढ्या कामाला साडेबारा वॉट फार झाले. इथून पुढे एकच नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा एक तास मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

स्क्रीनपासून सुरुवात केली. दुकानात झगमगीत दिसावा म्हणून उजेड शंभरवर होता, तसाच घरी आला. तो 45 वर आणला, खोलीत बसून आकडे वाचायला तेवढा पुरतो. मोजलं, साडेबाराचे 10.4 झाले. नुसत्या उजेडात दोन वॉट. मग सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि तिथे ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट 120 होता, म्हणजे स्क्रीन सेकंदाला 120 वेळा नव्याने काढली जाते. गेम खेळणाऱ्यांना ते हवं, ताळेबंदाला काय करायचंय? 60 केला, 9.6 वर आलं. तुमची स्क्रीन ओएलईडी असेल तर डार्क मोडनेही वाचतं, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडीवर त्याचा उपयोग होत नाही, मागचा दिवा जळतच असतो.

सगळ्यात मोठी गळती मात्र डोळ्यांना दिसणारी नव्हती. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग पॉवर अँड बॅटरी, तिथे बॅटरी यूसेज. कोणत्या ॲपने किती खाल्लं त्याची उतरती यादी येते. टॅली किंवा एक्सेल वर असेल असं वाटलं होतं, तर वर वनड्राइव्ह, म्हणजे आपल्या फाईलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडायचं सेटअपच्या वेळी विचारतात किंवा आपोआप जोडलं जातं, आणि आपण पुढे, पुढे करत जातो. मी जुन्या लॅपटॉपवरची सात वर्षांची सगळी बिलं, पीडीएफ डेस्कटॉपवर उतरवली होती. टॅलीचा डेटा फोल्डरही तिथेच. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातल्या ढगावर क्लिक केलं तर हजारो फाईली रांगेत उभ्या. त्यात टॅलीच्या फाईली सतत बदलणाऱ्या. मी एक व्हाउचर टाकलं की त्या पुन्हा रांगेत. दिवसभर वायफाय, प्रोसेसर, डिस्क या तिघांनाही उसंत नाही, आणि हे सगळं माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. नेट पॅक दुपारीच का संपतो याचंही उत्तर तिथेच मिळालं.

टॅलीचा डेटा मी डेस्कटॉपवरून काढून सी ड्राइव्हमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवला. टॅली बंद करून मगच हलवा आणि त्याआधी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, यात घाई नको. आता रोज संध्याकाळी बॅकअप मीच घेते. बाकीच्या फाईली एका रविवारी घरच्या वायफायवर चार्जर लावून पूर्ण चढू दिल्या. फिरतीवर असते तेव्हा त्याच ढगावरून सिंक, म्हणजे फाईली चढवणं, 8 तासांसाठी थांबवते. ॲव्हरेज 9.6 वरून 7.6.

यावरून एक सांगते. लॅपटॉप अगदी नवा असेल, चार-पाच दिवसांचा, तर अजून काहीच ठरवू नका. त्या दिवसांत विंडोजचे अपडेट उतरत असतात, फाईलींची सूची तयार होत असते, डिस्क एन्क्रिप्ट होत असते, फोटो खाली येत असतात. चार्जर लावून, नेट देऊन दोन रात्री चालू ठेवा, सगळे अपडेट होऊ द्या. कंपनीच्या ॲपमधले बायोस आणि ड्रायव्हरचे अपडेटही घ्या, वीज कशी वापरायची यातल्या चुका त्यात दुरुस्त होऊन येतात. मग मोजायला बसा.

पुढचा नंबर आयत्या अँटिव्हायरसचा. लॅपटॉपसोबत महिन्याची ट्रायल येते आणि ती मागे सारखी तपासणी करत बसते. मी अनइन्स्टॉल केला. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप काम हातात घेतो, लॅपटॉप उघडा पडत नाही. 6.8 झाले. शेवटी पॉवर मोड बॅटरीवर असताना बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवला आणि ब्राउझरचा एनर्जी सेव्हर चालू केला. 6.2. पूर्ण भरलेल्या टाकीवर हेच आठ तास.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडून जीपीयूचा रकाना बघा. साधं काम चालू असताना ते कार्ड जागं दिसलं तर ज्या ॲपने जागं ठेवलंय त्याला डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमधून पॉवर सेव्हिंगवर टाका. गुगलवर सापडणारी बॅटरी वाढवणारी ॲप मात्र घेऊ नका. ती स्वतःच एक खाणारं तोंड असतात.

राहिली रात्रीची चोरी. रीसेंट यूसेजच्या त्याच तक्त्यात मला दिसलं की रात्री पावणेअकराला झाकण मिटताना 39,800 होते आणि सकाळी साडेसहाला 30,300. लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात, आणि 19 टक्के गायब. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप गाढ झोपायचा. आता बहुतेकांत मॉडर्न स्टँडबाय नावाची मोबाईलसारखी झोप असते, मिटलेल्या झाकणाखालीही तो नेट तपासत राहतो. बॅगेतून काढताना बूड कोमट लागलं तर समजून जा. यावर इलाज हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद होतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण मिटल्यावर काय करायचं ते डावीकडे ठरवता येतं, तिथे बॅटरीवर असताना आणि चार्जर असताना, दोन्ही ठिकाणी हायबरनेट निवडा. उघडल्यावर सुरू व्हायला थोडी वाट बघावी लागते, पण काम जिथे सोडलं तिथेच सापडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी 39,700 होते.

एवढं करूनही वॉट उतरले नाहीत, किंवा नव्या लॅपटॉपची फुल चार्ज कपॅसिटी पहिल्याच महिन्यात डिझाइनपेक्षा बरीच खाली दिसली, किंवा टक्के 40 वरून एकदम 8 वर पडू लागले, तर दोष खरंच बॅटरीत असू शकतो. मग सर्व्हिस सेंटरला नुसतं "बॅटरी टिकत नाही" म्हणून जाऊ नका, ऐकून घेत नाहीत. बॅटरी रिपोर्टची प्रिंट, वहीतले तासाचे आकडे आणि बिल घेऊन जा. तक्रारीचा नंबर लेखी मागा. वॉरंटी कार्डावर बॅटरीची ओळ वेगळी शोधा, कारण लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बॅटरीला अनेकदा एकच असते. कोणीच दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

आणि टचपॅड वर आलेला दिसला, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा रिपोर्ट वगैरे काढत बसू नका. बंद करा, चार्जर लावू नका, दाबून बघू नका, त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.