गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजताना या चुका टाळा

कर्करोगाच्या गाठीच्या पातळ कापावर सीडी-३४चा स्टेन (रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तपकिरी दाखवणारा रंग) हातात पडला की नवशिके मायक्रोस्कोपच्या थेट चाळीसपट लेन्सवर उडी घेतात. आधी चारवर, मग दहावर अख्खा काप पालथा घाला. तपकिरी ठिपक्यांची सगळ्यात दाट जागा, म्हणजे हॉट स्पॉट, बहुधा गाठीच्या वाढत्या कडेला सापडते. मेलेला किंवा राठ झालेला भाग सोडा. मोजायला वीसची लेन्स घ्या. समोर येईल तिथे मोजलं, तर रक्ताने गच्च भरलेली गाठही कोरडी ठरते.

पण खरी डोकेदुखी म्हणजे अहवालात नुसतं ‘प्रति फील्ड ६०’ लिहून मोकळं होणं. फील्ड, म्हणजे लेन्सखाली दिसणारं वर्तुळ, कुणाचं? आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) फील्डचा १८ आकडा असेल तर वीसच्या लेन्सखाली वर्तुळाचा व्यास ०.९ मिमी, क्षेत्रफळ ०.६४ चौरस मिमी. २२ असेल तर १.१ मिमी आणि ०.९५ चौरस मिमी. म्हणजे तेच ६० एका मायक्रोस्कोपवर चौरस मिलिमीटरला ९४, शेजारच्यावर ६३! स्तनाच्या कर्करोगावरचा वायडनर यांचा १९९१चा अभ्यास सगळे उद्धृत करतात: गाठ पसरलेल्यांत फील्डमागे सरासरी १०१ वाहिन्या, न पसरलेल्यांत ४५. ते फील्ड ०.७४ चौरस मिमीचं होतं आणि स्टेन फॅक्टर-८ या दुसऱ्या खुणेचा. सीडी-३४ त्याहून जास्त वाहिन्या पकडतो. हे आकडे आपल्या ०.९५च्या फील्डला चिकटवले की साधी गाठही ‘धोक्याची’ होऊन बसते. पुढे प्रत्येक लॅबने स्टेनसाठी आपापली अँटीबॉडी, ‘दाट’ ठरवायला आपापली सीमारेषा धरली. मग वाहिन्यांच्या दाटीचा जगण्याशी संबंध कुणाला दिसला, कुणाला नाही. आयपीसवरचा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात.

पोकळी दिसत नाही म्हणून वाहिनी गाळू नका. वेगळी उठून दिसणारी एकटी तपकिरी एंडोथेलियल (वाहिनीच्या अस्तराची) पेशीही एक वाहिनी धरतात.

वाहिन्यांसाठीच वापरला जाणारा सीडी-३१चा स्टेन प्लाझ्मा पेशी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही रंगवतो. त्यांना मोजू नका.

वाहिन्या जास्त म्हणजे रक्तपुरवठा उत्तम, हेही खरं नाही. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. भरपूर वाहिन्यांशेजारी ऑक्सिजनविना मेलेल्या पेशी सापडतात.

आणि ‘वाहिन्या दाट, म्हणजे बेव्हॅसिझुमॅब (नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) लागू पडणारच’ असा शेरा तर मुळीच मारू नका. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमोसोबत ते दिल्यावर मध्यक आयुष्य १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं आणि २००४मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण तिथेही वाहिन्यांच्या दाटीवरून कुणाला फायदा होईल ते सांगता आलं नाही. स्तनाच्या कर्करोगात २००८ला मिळालेली मंजुरी अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०११मध्ये काढून घेतली: गाठीची वाढ काही काळ लांबली, आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.