व्हॅनचं कूलंट कमी होतंय? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी दर थोड्या दिवसांनी खाली जाते, जमिनीवर मात्र थेंबही दिसत नाही. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "हेड गॅस्केट गेलं," म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी. गेलंही असेल. पण सगळ्यात खर्चिक संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

सर्रास होणारी चूक म्हणजे नुसतं भरत राहणं. कूलंट डिझेलसारखं जळत नाही. पातळी उतरतेय म्हणजे ते कुठेतरी जातंय. सकाळी इंजिन थंड असताना बाटलीवर खूण करा, किलोमीटर लिहून ठेवा. गरम इंजिनची पातळी फसवी असते. आणि इंजिन गरम असताना कूलंटच्या झाकणाला हात लावूच नका. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण १ बार दाबाखाली १२० अंश सेल्सिअसलाही उकळत नाही. झाकण सैल झालं की तेच अंगावर उसळतं.

गळती तापलेल्या इंजिनवर शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. थेंब पडायच्या आत वाळतो. शिवाय काही जोड थंड असताना झिरपतात आणि तापले की फुगून बंद होतात. म्हणून थंड इंजिनवर प्रेशर पंप, म्हणजे कूलंटच्या झाकणाच्या जागी बसवून आत हवेचा दाब देणारा हातपंप, लावा. दाब झाकणावर छापलाय तेवढाच द्या, जास्त नाही. मग टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंप बघा. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं; आतलं सील गेलं की तिथून कूलंट ओघळतं आणि वाळून पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा धरतं. झाकणही तपासून घ्या. त्याची स्प्रिंग ढिली पडली की धडधाकट इंजिनही कूलंट बाहेर टाकतं.

व्हॅनमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते: मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असेल, तर त्याचे पाइप फरशीखालून लांबवर गेलेले असतात आणि चिखल-खडी खात गंजतात. पुढच्या हीटरची कॉइल गळत असेल तर पायाखालची चटई चिकट ओली होते, आत गोडसर वास येतो, काचेवर तेलकट धुकं धरतं.

एवढं करून काही सापडलं नाही, तर मग हेड गॅस्केट. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, बाटलीत बुडबुडे थांबेचनात, तर संशय बळावतो. कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासता येतं. पण डिझेल व्हॅनमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्टचा गॅस कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी हेड गॅस्केट गेल्यासारखाच पांढरा धूर निघतो, कधीकधी गॅसही कूलंटमध्ये शिरतो. हेड उतरवण्याआधी तो वेगळा काढून तपासा. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजून घाबरू नका. गाडी जवळच्या जवळच फिरत असेल तर ती नुसत्या वाफेचीही असते.

गळती बुजवणारी पावडर मला तरी पटत नाही. तिच्याने भोक बुजो न बुजो, हीटरच्या बारीक नळ्या मात्र तुंबू शकतात.

दुरुस्तीनंतर हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा. मागचा हीटर असेल तर तोही चालू ठेवा. अडकलेली हवा निघाली की पातळी एकदा उतरणारच. ती नवी गळती नव्हे. थंड झाल्यावर खुणेपर्यंत भरा आणि पुढचे काही दिवस सकाळी बघत राहा.