कडक डोहाळे: उलट्या थांबेनात तेव्हा काय करावं

मळमळ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास शिगेला पोहोचते आणि बहुतेकींची विसाव्यापर्यंत ओसरते. तोवर उलट्या मोजत बसू नका. पाणी किती टिकलं आणि लघवी किती वेळा झाली, ते वहीत लिहा. वजनही सकाळी, अनाशापोटी करा. दिवस जाण्याआधी ६० किलो असलेल्या बाईचं ५७ भरलं, म्हणजे ५ टक्के गेलं, की घरगुती उपाय पुरेत, डॉक्टर गाठा.

ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला. पेलाभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकलं की ते खारट होतं आणि तेच उलटून पडतं. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्याला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गारच प्यावं, वास कमी येतो. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पेला तोंडाला लावायचा नाही. दर ५ मिनिटांनी १ चमचा, म्हणजे ५ मिली. तासभर टिकलं तर २ चमचे. या गतीने १२ तासांत जवळजवळ दीड लिटर पोटात जातं! उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा एका चमच्यावर या.

बाहेर लिंबूपाणीच मागा. इंदुरात ‘शिकंजी’ म्हटलंत तर दुधाचं, सुकामेवा घातलेलं दाट पेय हातात येतं. सकाळच्या पोह्यांची फोडणीही काही दिवस बंद. घरच्यांनी बाहेर खावेत. उशाशी मुरमुरे ठेवा, चार घास खाऊन १५ मिनिटं पडून मगच उठा.

डॉक्टर बहुधा डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची गोळी रात्री देतात. ती उशिरा विरघळते, म्हणून गुण सकाळी दिसतो; कुटून घेऊ नका. झोप येते. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ती काही दिवस थांबवता येईल का, विचारा. फोलिक अ‍ॅसिड मात्र चालू ठेवायचं. सोनोग्राफीही करून घ्या. जुळं किंवा द्राक्षगर्भ (बाळाऐवजी द्राक्षांसारख्या फुगोट्यांची गाठ वाढणं) असला तरी उलट्या वाढतात.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसती ‘ग्लुकोजची बाटली’ चढवून घेऊ नका. बरेच दिवस अन्न टिकलं नसेल तर बी-१, म्हणजे थायामिन, घटलेलं असतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायामिन, सोबत साधं सलाइन, आणि पोटॅशियम रक्त तपासूनच.

२४ तास काहीच टिकलं नाही, ८ तास लघवी नाही, उलटीत रक्त, ताप, पोटात कळ, उभं राहताच भोवळ, बोलण्यात गोंधळ किंवा एकाचे दोन दिसणं: यातलं एक जरी असलं तर रात्र असो की पहाट, १०८ला फोन लावा.